वाडीला जाऊन उंबराचं फूल पाहिलं

“अगं, आहेस कुठे? अगदी उंबराचं फूल झालीस!”

चार-सहा महिन्यांनी माहेरी पाऊल टाकलं की शेजारच्या काकू हे म्हणणारच. तुम्हालाही कुणी ना कुणी म्हणालंच असेल. उंबराला फूल दिसत नाही, आणि ज्याला दिसतं त्याचं भाग्य उजळतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मैत्रिणींनो, गेल्या फाल्गुनात मी उंबराचं फूल पाहिलं. भाग्य उजळलं की नाही ते शेवटी तुम्हीच ठरवा. पण ज्या कामासाठी आम्ही घराबाहेर पडलो होतो, ते काम मात्र पार उलटंच होऊन बसलं!

त्याचं असं झालं. आमचं घर मिरजेचं. जुनं, कौलारू. मागच्या अंगणात आडाशेजारी एक उंबर आहे. तो कुणी लावलेला नाही. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तो आडाच्या कट्ट्याच्या फटीतून हातभर वर आला होता म्हणे. आज त्याचा बुंधा दोघींच्या कवेत मावत नाही. सासूबाई रोज त्याला तांब्याभर पाणी घालतात, गुरुवारी उदबत्ती लावतात. आणि मी? मी रोज त्याच्याखालचा केर काढते! ज्यांच्या दारी उंबर आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पिकलेली फळं टपाटप पडतात, पायाखाली चिरडतात, त्यांवर माश्या, चिलटं, मुंग्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर पाखरांचा प्रसाद तो वेगळाच. पंचवीस वर्षं हा केर काढल्यावर माझ्या मनात त्या झाडाविषयी फारशी भक्ती उरली नव्हती. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं. नकाशा आला. त्यात माझ्यासाठी मोठं स्वयंपाकघर, त्याला लागून धुण्याभांड्यांची ऐसपैस मोरी आणि निवडण-टिपण करायला मागचा ओटा. पंचवीस वर्षं मनात घोळवलेला ओटा! पण तो येत होता नेमका उंबराच्या जागी. शहरातलं झाड असं कुणालाही उठून तोडता येत नाही, त्यासाठी १९७५ सालचा कायदा आहे. परवानगी काढावी लागते. “ती काढू आपण,” हे म्हणाले. पण सासूबाईंची परवानगी कोण काढणार?

सासूबाई रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “एकदा वाडीला जाऊन येऊ. महाराजांच्या कानावर घालू. मग तुम्हाला काय करायचं ते करा.”

म्हणून आम्ही तिघी निघालो. सासूबाई, मी आणि सुट्टीला आलेली माझी भाची. ही भाची वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झालेली. पर्समध्ये कंगव्याच्या जागी भिंग बाळगणारी! “मावशी, मी देवासाठी नाही हं, बासुंदीसाठी येतेय,” असं तिनं आधीच सांगून टाकलं.

नरसोबाची वाडी, म्हणजेच नृसिंहवाडी, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात आहे. आमच्या मिरजेहून एस.टी.नं फार वेळ लागत नाही. लांबून रेल्वेनं येणार असाल तर मिरजेला किंवा जयसिंगपूरला उतरावं, पुढे गाड्या मिळतात. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच वांग्यांचे मळे. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव मी तुम्हाला सांगायला नकोच. येताना पिशवीभर घेऊन या म्हणजे झालं.

वाडी आहे कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर. श्रीनृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले आणि पुढे गाणगापूरला गेले. जाताना औदुंबराखाली आपल्या पादुका ठेवून गेले, अशी श्रद्धा आहे. इथे मूर्तीपेक्षा मान पादुकांचा. देवळाला नेहमीसारखं उंच शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी इथल्या कृपेनं परत आली आणि त्यानं हे देऊळ बांधवलं, असं इथली मंडळी सांगतात. खाली नदीपर्यंत रुंद दगडी पायऱ्यांचा घाट. पावसाळ्यात नदी त्या पायऱ्या चढून वर येते. पाणी देवळात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या स्नानासाठी लोक रात्री-अपरात्रीही धावत येतात. नदी दाराशी आली म्हणून इतरत्र माणसं घाबरतात, इथे देवाला अंघोळ झाली म्हणून आनंद मानतात! अर्थात २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांनी या भागाची काय दैना केली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. नदीचं देणं आणि घेणं दोन्ही इथल्या बायांना ठाऊक आहे.

आम्ही दुपारी पोचलो. संध्याकाळी पालखी पाहिली, रात्री मुक्काम केला. वाडीला जाल तर एक रात्र तरी राहाच. दिवसाची गर्दी ओसरल्यावर घाटावर बसलं की पाण्याचा आवाज ऐकू येतो आणि घरच्या किल्ल्या कमरेला आहेत की नाहीत, हेसुद्धा आठवत नाही.

त्या रात्री घाटावर बसून सासूबाईंनी भाचीला उंबराची गोष्ट सांगितली. नृसिंहानं हिरण्यकश्यपूचं पोट फाडलं तेव्हा त्याच्या पोटातलं विष नखांना लागलं. नखांची आग आग होऊ लागली. तेव्हा लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली, देवानं त्यांत नखं रोवली आणि दाह शांत झाला. देव प्रसन्न झाले, औदुंबराला वर दिला, तुला सदा फळं येतील. “म्हणून उंबर तोडायचा नसतो,” सासूबाई म्हणाल्या. बोलल्या भाचीशी, पण पाहिलं माझ्याकडे.

सकाळी काकड आरती झाली. उजाडता उजाडता आम्ही घाटावरून थोडं पुढे नदीकाठानं चालत गेलो. तिथे एक मोठा उंबर होता. फळं अजून पुरती लाल झालेली नव्हती, नुसती तांबूस छटा. बुंध्याला आणि जाड फांद्यांना थेट घोसच्या घोस लगडलेले. वर पोपटांचा कलकलाट चालला होता. कुणीतरी एक फळ पाडलं ते भाचीच्या पायाशी आलं. तिनं ते उचललं आणि फोडायला घेतलं.

“अगं, सकाळी सकाळी उंबर फोडून केंबरं कशाला उडवतेस?” सासूबाई म्हणाल्या.

ही म्हण आपण कुणाचं झाकलेलं उघडं पाडू नये या अर्थानं वापरतो. पण त्या दिवशी खरोखरच उंबर फुटला आणि खरोखरच केंबरं उडाली! तिळाएवढीही नसतील, दोन मिलिमीटरची काळसर पाखरं. एक-दोन माझ्या मनगटावर बसली, पंख सारखे केले आणि वाऱ्याबरोबर नदीकडे गेली. मी झटकायला हात उचलला होता. भाचीनं तो धरला. “मावशी, थांब. हिच्याकडे आज एकच दिवस आहे. फार तर दोन.”

मग तिनं ते अर्धं फळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि भिंग दिलं. “बघ. हीच ती फुलं.”

मैत्रिणींनो, आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो ते मुळात फुलांनी भरलेलं एक बंद घर आहे. बाहेरून भिंत आणि आत, भिंतीला पाठ लावून, शेकडो बारीक फुलं. म्हणून तर ती कुणाला दिसत नाहीत. फुलं बाहेर असती तर मधमाशी आली असती, फुलपाखरू आलं असतं. या बंद घरात कोण येणार? आणि कुणी आलंच नाही तर बी कसं धरणार? या घराला टोकाशी एक इवलंसं दार असतं, आणि त्या दारातून आत जाता येईल असा एकच पाहुणा असतो. तो म्हणजे हे केंबरू. हा कीटक गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे एकाच कुळातले. जगात त्यांच्या साडेसातशेच्या वर जाती आहेत आणि बहुतेक जातींचा आपापला कीटक ठरलेला आहे. वडाचा कीटक उंबराच्या दारी जात नाही. आपण घरोघरी कुळाचार पाळतो ना, तसंच!

भाचीनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. उंबर फुलावर आला की त्याचा एक खास वास सुटतो. आपल्याला तो कळत नाही, पण मादीला दुरून कळतो. ती येते, दार शोधते, आत शिरते. येताना ती आपल्या छातीवरच्या दोन इवल्या कप्प्यांत जन्मघरातून परागकण घेऊन आलेली असते. होय, माहेरची शिदोरी म्हणा! ती पाहिजे तेव्हा पाय वापरून त्यातले पराग काढते आणि फुलांवर घालते. त्याबरोबरच काही फुलांत अंडी घालते. आत दोन तऱ्हेची फुलं असतात. काहींची नळी आखूड, तिथे अंडं पोचतं. काहींची लांब, तिथे सहसा पोचत नाही. म्हणजे काही खोल्या पाहुणीच्या लेकरांना आणि काही झाडाच्या स्वतःच्या बियांना. कुणी कुणाचं सगळं घ्यायचं नाही.

पुढे तीन-चार आठवडे अंडी वाढतात. आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, डोळेही जेमतेमच. ते जन्मतात आत आणि बहुतेक मरतातही आतच. पण मरण्याआधी एक काम करतात. फळाच्या भिंतीला भोक पाडून माद्यांसाठी बाहेरची वाट तयार करतात. तोवर आतल्या पुंकेसरांत पराग तयार झालेले असतात. तरुण माद्या ते कप्प्यांत भरून घेतात आणि भावंडांनी कोरलेल्या वाटेनं बाहेर उडतात. मग वेळ असतो तो तेवढाच. एक दिवस, दोन दिवस. तेवढ्यात दुसरा फुलावर आलेला उंबर सापडला तर ठीक. नाही सापडला तर तिचं जिणं तिथेच संपलं.

आणि फळ? केंबरं उडून गेल्यावर ते लाल होतं, मऊ होतं, गोड होतं. मग तांबट, कोकीळ, साळुंक्या, खारी, रात्री वटवाघळं येतात, खातात आणि बिया गावभर टाकतात. कुणा पाखरानंच आमच्या आडाच्या कट्ट्यात तो उंबर ‘लावला’ होता!

सासूबाई पदर सावरून ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. “बघा बाई, एवढ्याशा जिवाची देवानं केवढी सोय केली! दार केलं, खोल्या केल्या, शिदोरीला कप्पेसुद्धा दिले. कोण म्हणतं देव नाही?”

भाचीला राहवलं नाही. “आजी, हे कुणी बसून नाही आखलं हो. ही जोडी सुमारे साडेसात कोटी वर्षांपासूनची असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पिढ्यान्‌ पिढ्या थोडं थोडं बदलत दोघं एकमेकांच्या मापाचे झाले. आणि सगळी सोयच आहे असंही नाही. चोरही आहेत! दुसऱ्या जातीच्या काही माद्या आत जातच नाहीत, पराग आणत नाहीत. बाहेरूनच लांब सुईनं फळाला भोक पाडतात आणि आत अंडी घालतात. त्यातल्या एकीच्या सुईच्या टोकाला चक्क जस्त सापडलंय, गिरमिटाच्या पात्याला धार असावी तसं. मग त्या चोरांनाही देवानंच अवजार दिलं म्हणायचं का?”

हे तिचं वाचीव ज्ञान नव्हतं बरं का. आपल्या याच उंबरावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. रेने बोर्जेस या बाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि जस्ताचा शोधही त्याच संस्थेतला, २०१४ सालचा. झाडावरच्या मुंग्या या चोरांना कशा आवर घालतात, तेही तिथे अभ्यासलं गेलं. ज्या मुंग्यांवर मी पंचवीस वर्षं पावडर टाकत आले, त्या झाडाच्या राखणदार होत्या!

मला वाटलं, सासूबाई आता दुखावतील. त्या थोडा वेळ नदीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “साडेसात कोटी वर्षं म्हणतेस? एवढा धीर माणसाला असतो का गं? मला तर ज्याला तेवढा धीर आहे, त्यालाच देव म्हणावंसं वाटतं.”

भाची हसली. पण तिनं पुढे वाद घातला नाही. वर आल्यावर तिनं आजींबरोबर औदुंबराला प्रदक्षिणाही घातल्या. “पाय मोकळे करायला,” म्हणाली!

बासुंदी खाताना तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्यासारख्या ‘जुन्या समजुतीं’बद्दल आहे. तुर्कस्तानात स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीरच्या भागातले अंजीर नावाजलेले. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बागाईतदारांनी त्या झाडांची कलमं नेऊन लावली. झाडं जोमानं वाढली, पण फळं लहानपणीच गळून पडायची. स्मर्नाचे शेतकरी बागेत रानअंजिराची फळं दोरीत ओवून टांगून ठेवीत. अमेरिकेतल्या बऱ्याच शहाण्यांना ती निव्वळ अडाणी समजूत वाटली. खरी गोम त्या रानफळांतल्या किड्यांत होती! अखेर १८९९ साली ते कीटक अमेरिकेत नेऊन रुजवले, तेव्हा कुठे तिथे त्या जातीचे अंजीर धरू लागले.

हे ऐकून तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं. मग आपण सुके अंजीर खातो त्यांत किडे असतात की काय? तर स्मर्नासारख्या जातींत कीटक आत जातो हे खरं, पण अंजिरातला पाचक रस त्याचं शरीर बहुतांशी विरवून टाकतो, आणि दाताखाली जे कुरकुरतं ते बी असतं. आपल्या पुरंदरच्या अंजिरांना फळ धरायला कीटकाची गरजच लागत नाही. ज्यांचा व्रताचा नियम कडक असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. उंबर मात्र खायचा झाला तर फोडून, झटकून, पाहूनच खावा. आपल्या आज्या उगीच तसं सांगत नसत.

आम्ही घरी परतलो. महाराजांच्या कानावर घालून झालं होतं. कौल काय मिळाला, ते सासूबाईंनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी केर काढताना मान वर करून झाडाकडे पाहू लागले. आमच्या उंबराला तेव्हा नुकते हिरवे, सुपारीहून लहान घोस येत होते. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी त्या घोसांभोवती बारीक काळे ठिपके फिरताना दिसले. मी भाचीला हाक मारली.

तिनं एक हिरवं फळ काढून भिंगाखाली धरलं. त्याच्या टोकाच्या दारात काहीतरी चमकत होतं, अभ्रकाच्या कपच्यांसारखं. “पंख आहेत, मावशी,” ती म्हणाली. “दार इतकं अरुंद असतं आणि आतून खवले एकावर एक इतके घट्ट असतात, की आत शिरताना हिचे पंख तुटून दाराशीच राहतात. आत गेली की ती पुन्हा बाहेर येत नाही. पराग घालते, अंडी घालते आणि तिथेच संपते.”

मला काय झालं कुणास ठाऊक, मी मटकन कट्ट्यावर बसले.

जुन्या काळी दाराच्या चौकटीचं खालचं लाकूड उंबराचं घालीत, म्हणून तो उंबरठा, असं म्हणतात. संस्कृतातही ‘उदुंबर’ शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाच आहे. याच घराचा उंबरठा मी माप लवंडून ओलांडला तेव्हा माझ्याबरोबर एक तंबोरा आला होता. लग्नाआधी सहा वर्षं मी गाणं शिकत होते. सतार-तंबोऱ्यांच्या मिरजेत द्यायचं ठरलं म्हणून माझ्या वडिलांना केवढा आनंद झाला होता! पण पहिल्याच महिन्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, “सकाळच्या वेळी गाणं नको बाई, कामं खोळंबतात.” दुपारी सासरे झोपायचे. संध्याकाळी स्वयंपाक. तंबोरा माळ्यावर गेला तो गेलाच. कुणी छळ केला नाही, कुणी टाकून बोललं नाही. दारच अरुंद होतं, इतकंच.

सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. त्यांनी भिंग मागून घेतलं, वाकून बराच वेळ पाहिलं. मग भिंग परत देत म्हणाल्या, “हे काही मला वाडीला सांगितलं नाहीत तुम्ही.”

“आई, वाडीला आपण बाहेर उडणाऱ्या पाहिल्या. या आत येणाऱ्या,” मी म्हणाले.

त्या माझ्याशेजारी कट्ट्यावर बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुझा तंबोरा अजून माळ्यावरच आहे ना गं?”

मी ‘हो’ म्हणाले. पुढे दोघी काहीच बोललो नाही. पण पंचवीस वर्षांत त्यांनी तंबोऱ्याचं नाव पहिल्यांदा काढलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. देवाची योजना, देवाची योजना म्हणून आपण हात जोडतो. तिच्यात सगळ्यांचं सगळं भलं होतं असं काही मला दिसलं नाही. कुणाचे पंख जातात, कुणी अंधारात जन्मून अंधारातच मरतं, कुणी फुकट खातं. पण एक गोष्ट मला तिथे लख्ख दिसली. ही मादी उंबरावाचून नाही आणि उंबर तिच्यावाचून नाही. आणि ती आत संपते, पण तिच्या लेकींना पंख असतात, वाट कोरलेली असते, शिदोरी असते. फक्त बाहेर पडल्यावर त्यांना दुसरं दार उघडं मिळायला हवं. उंबराचे सगळेच वृक्ष एकाच वेळी फुलत नाहीत, कुणी आज, कुणी महिन्यानं. म्हणूनच ही माळ तुटत नाही. उंबराचा एक भाऊबंद आफ्रिकेत आहे. नामिबच्या वाळवंटातल्या त्याच्या कीटकांवरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ते वाऱ्यावर स्वार होऊन शंभराहून जास्त किलोमीटर जातात, असं त्यात आढळलं. मग वाडी ते मिरज म्हणजे काय! माझ्या मनगटावरून उडालेली ती आमच्याच आडापर्यंत आली नसेल कशावरून? नसेलही आली. पण दुसरी कुणी आली होती, आणि तिला दार मिळालं होतं. पुढच्या फाल्गुनात तिथे माझी मोरी असती तर?

सकाळी मी यांना म्हटलं, “नकाशा बदलून आणा.”

“आणि तुझा ओटा?”

“राहू दे.”

सोपं नव्हतं हं, मैत्रिणींनो. तुम्हाला म्हणून सांगते, स्वयंपाकघर चार फुटांनी आत आलं, मोरी पुढच्या बाजूला गेली आणि ओटा गेला तो गेलाच. बांधकाम करणाऱ्यांनी सांगितलं, मुळांपासून लांब पाया घ्यायचा तर खर्च वाढेल. तो वाढला. हे आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. केर तर अजून मीच काढते आहे, त्यात काही फरक नाही. फक्त आता तो खड्ड्यात टाकून त्याचं खत करते आणि मुंग्यांवर पावडर टाकत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या दारात उंबर असेल तर दोन गोष्टी सांगते. कपड्यांची दोरी झाडाखालून काढून दुसऱ्या बाजूला बांधा, निम्मी चिडचिड तिथेच संपते. आणि उन्हाळ्यात पडलेली फळं रोजच्या रोज उचला. साठली की माश्या होतात, आणि त्या माश्यांचा दोष बिचाऱ्या केंबरांच्या माथी जातो. आडाजवळ, नदीजवळ उंबर का असतो, हेही ऐकून ठेवा. त्याला ओल आवडते. जुने लोक उंबर पाहून विहिरीची जागा धरीत.

वाडीला जायचं असेल तर फाल्गुन-चैत्रात जा. पाणी निवळ असतं, घाटाच्या पायऱ्या मोकळ्या असतात. दर्शन घ्या, कवठाची बर्फी घ्या, बासुंदी खा. आणि उजाडताना नदीकाठच्या एखाद्या उंबराखाली दोन मिनिटं उभ्या राहा. एखादं फळ पडलेलं दिसलं तर फोडून पाहायला हरकत नाही. फक्त आतून जे उडेल त्याला झटकू नका. त्याला लांब जायचं असतं.

आमचा तंबोरा माळ्यावरून खाली आला आहे. भोपळा शाबूत आहे, तारा गंजल्या होत्या, त्या गल्लीतल्या कारागिरांनी बदलून दिल्या. आवाज पहिल्यासारखा लागत नाही, माझाही आणि त्याचाही. पण गुरुवारी सकाळी सासूबाई उंबराला पाणी घालून येतात, कट्ट्यावर बसतात आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणतात, “झाली का गं कामं? मग लाव की.”